यंत्राचा नाद लागलेले मूल

प्रत्येक गावात अशी चार-दोन घरे असतात, की जिथले चौदा-पंधरा वर्षांचे मूल घरातली एकही वस्तू धड राहू देत नाही. बंद पडलेला रेडिओ दिसला की त्याचे स्क्रू निघालेच. जुना चार्जर, पंख्याची जळलेली मोटर, खेळण्यातली चाके, सायकलचा डायनामो असा सारा संसार त्याच्या खाटेखालच्या डब्यात साठलेला असतो. अभ्यासाला बस म्हटले, तर पुस्तक पुढ्यात उघडे असते आणि हात मात्र त्या डब्यात. आई म्हणते, "याला कसला नाद लागलाय कोण जाणे!" वडील म्हणतात, "असल्या उद्योगांनी पोट भरत नाही." आणि गुरुजी म्हणतात, "पोरगं हुशार आहे, पण लक्ष नाही." तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खोटे नसते. तरीही त्या मुलाचे म्हणणे काय आहे, हे या तिघांपैकी कोणी शेवटपर्यंत ऐकून घेतलेले असतेच असे नाही. आज मी आपल्याशी अशा मुलाविषयी चार शब्द बोलणार आहे.

आपल्या भाषेत या गोष्टीला निरनिराळे शब्द आहेत. छंद म्हणतो तेव्हा आपण कौतुकाने बोलतो. नाद म्हणतो तेव्हा कपाळाला थोडी आठी असते. वेड म्हटले की हात टेकलेले असतात. आणि त्याच माणसाने पुढे नाव काढले, म्हणजे मग आपण म्हणतो की त्याला लहानपणापासून ध्यास होता. गोष्ट एकच असते. आपण तिला कोणते नाव देतो, ते बहुधा तिचा शेवट पाहून ठरवतो. परंतु मुलाशी वागायचे असते ते शेवट कळण्याच्या आधी. खरी अडचण आहे ती इथेच.

आता दोन खरी उदाहरणे सांगतो. दोन्ही शेतकऱ्यांच्या मुलांची आहेत. एक अमेरिकेतले, शंभर वर्षांपूर्वीचे. दुसरे आफ्रिकेतले, अगदी अलीकडचे.

फायलो फार्न्सवर्थ हा मुलगा १९०६ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात जन्मला. तो बारा-तेरा वर्षांचा असताना त्याचे कुटुंब आयडाहो राज्यात रिग्बी या गावाजवळच्या शेतावर राहावयास गेले. त्या शेतावर वीज तयार करणारे एक लहानसे यंत्र होते. या मुलाने वीज अशी जवळून तेव्हाच पाहिली. त्यातच घराच्या माळ्यावर त्याला विज्ञानाच्या जुन्या मासिकांचा गठ्ठा सापडला. मग काय विचारता! ते यंत्र बिघडले की हा दुरुस्त करू लागला. आईचे कपडे धुण्याचे यंत्र हाताने फिरवावे लागे. त्याला याने विजेची मोटर जोडून दिली. सांगायचा मुद्दा असा, की या मुलाच्या नादाचा घराला उपयोग होऊ लागला, आणि त्यामुळे घरच्यांचे त्याच्याकडे पाहण्याचे डोळे बदलले.

त्या काळी दूरवरचे चित्र विजेने पाठविण्याचे प्रयत्न जगात ठिकठिकाणी चालू होते. ते बहुतेक भोके पाडलेल्या फिरत्या चकतीच्या साहाय्याने चालत. चकती कितीही जोराने फिरवली तरी तिच्या वेगाला मर्यादा पडे, आणि चित्र अंधुकच राही. फायलोने हे मासिकांतून वाचले होते. १९२१ साली, चौदा वर्षांचा असताना, तो एकदा शेतात घोड्यांचे औत हाकीत होता. मागे वळून पाहतो तो जमिनीवर एकाशेजारी एक अशा सरळ रेघा पडलेल्या. त्याच्या मनात आले, की सारे शेत जसे एका वेळी नांगरले जात नाही, एका तासामागून दुसरे तास धरावे लागते, तसेच चित्राचेही करता येईल. चित्राच्या बारीक रेघा पाडाव्यात, एकामागून एक वाचाव्यात, आणि हे काम चकतीवर न सोपवता इलेक्ट्रॉनच्या झोताला सांगावे. झोताला वजन असे नसल्यासारखेच. तो लोहचुंबकाने वळवता येतो, आणि इतक्या वेगाने फिरवता येतो की डोळ्याला सगळे चित्र एकदमच दिसावे.

मंडळी, कल्पना सुचणे हा गोष्टीचा एक भाग झाला. कल्पना पुष्कळांना सुचतात आणि विरून जातात. इथे गोष्टीत एक शिक्षक आले. त्यांचे नाव जस्टिन टोलमन. ते रिग्बीच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवीत. फायलोने त्यांच्याकडे वरच्या वर्गात बसू देण्याचा हट्ट धरला. टोलमन यांनी आधी नाही म्हटले, पण पुढे त्याला बसू दिले आणि शाळा सुटल्यावर वेगळा वेळही दिला. १९२२ साली एके दिवशी या मुलाने फळ्यावर आकृत्या काढून आपली कल्पना त्यांच्यापुढे मांडली, आणि आपल्या यंत्राची एक आकृती कागदावर काढून त्यांच्या हाती दिली. सर्वच टोलमन यांना त्या क्षणी समजले असेल असे नाही. परंतु त्यांनी तो कागद फेकून दिला नाही.

पुढे ७ सप्टेंबर १९२७ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरात फार्न्सवर्थने आपल्या यंत्राने पहिले चित्र एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाठविले. ते चित्र म्हणजे नुसती एक सरळ रेघ होती. त्या वेळी त्याचे वय एकवीस वर्षांचे होते. त्यानंतर एका बलाढ्य कंपनीशी पेटंटचा झगडा सुरू झाला. या शोधाचा हक्क आधी कोणाचा, असा तो वाद होता. त्यात टोलमन यांची साक्ष झाली आणि त्यांनी इतक्या वर्षांनंतर तो जपून ठेवलेला कागद पुढे केला. अखेर निकाल फार्न्सवर्थच्या बाजूने लागला. केवळ त्या कागदामुळे निकाल लागला, असे म्हणणे बरोबर होणार नाही. मुख्य आधार पेटंटच्या अर्जांतील तपशिलाचा होता. तथापि एका खेड्यातल्या शाळामास्तराने विद्यार्थ्याच्या हातचा कागद बारा वर्षे जपावा, ही गोष्ट निकालाहून लहान आहे असे मला वाटत नाही.

दुसरे उदाहरण मलावी या देशातले. विल्यम कामक्वाम्बा हा १९८७ साली जन्मलेला मुलगा. घरी मक्याची शेती. लहानपणी त्याला प्रश्न पडे, की रेडिओत माणसे कुठे बसतात? मग तो आणि त्याचा चुलत भाऊ जुने रेडिओ उघडून पाहू लागले, आणि पाहता पाहता गावातले बिघडलेले रेडिओ दुरुस्त करू लागले. २००१ च्या सुमारास तिथे पीक बुडाले आणि मोठा दुष्काळ पडला. घरात एक वेळचे अन्न मिळण्याची मारामार झाली, तिथे माध्यमिक शाळेची फी कोण भरणार? विल्यमची शाळा सुटली. वय वर्षे चौदा.

शाळा सुटली तरी या मुलाने गावच्या प्राथमिक शाळेतल्या लहानशा ग्रंथालयाची वाट धरली. त्याला इंग्रजी फारसे येत नव्हते. आकृती पाहायची, तिच्याखालचा शब्द अडला की तो शब्दकोशात शोधायचा, असा त्याचा अभ्यास चाले. एका पुस्तकावर त्याला पवनचक्कीचे चित्र दिसले. वाऱ्याने वीज होते, पाणी उपसता येते, असे त्यात लिहिलेले. त्याने मनाशी म्हटले, की हे कोणीतरी केलेले आहे, तर मलाही करता येईल.

मग तो भंगारात जाऊन सामान हुडकू लागला. ट्रॅक्टरचा पंखा, मोडकी सायकल, प्लॅस्टिकचे नळ. नळ विस्तवावर तापवून, सपाट करून त्याने पाती बनवली. सायकलचा डायनामो त्याच्या मित्राने विकत घेऊन दिला. निलगिरीच्या जातीच्या लाकडांचा मनोरा उभा केला. लोक म्हणू लागले, पोर वेडे झाले. त्यांच्या भाषेतला 'मिसाला' हा शब्द त्याच्या कानांवर रोज पडत असे; त्याचा अर्थच वेड. आणि मग एके दिवशी वारा सुटला, पाती फिरली, आणि त्याच्या हातातला लहानसा दिवा लागला. पुढे घरात दिवे आले, रेडिओ वाजू लागला, आणि शेजारीपाजारी आपले मोबाईल भारित करायला त्याच्या दारी येऊ लागले. २००६ साली ही हकीकत वर्तमानपत्रांतून बाहेर आली. त्याला पुन्हा शिक्षण मिळाले, आणि २०१४ साली तो अमेरिकेच्या डार्टमथ महाविद्यालयातून पदवीधर झाला.

श्रोतेहो, ही दोन उदाहरणे मी आपल्या मुलांनीही जगप्रसिद्ध व्हावे म्हणून सांगितली नाहीत. हजारांतला एखादा तिथवर पोचतो. शिवाय प्रसिद्धी म्हणजे सुख नव्हे. फार्न्सवर्थच्या वाट्याला पुढे आजारपण आले, पैशाची ओढाताण आली, आणि टेलिव्हिजन घरोघर पोचला तेव्हा त्याचे नाव फार थोड्यांना ठाऊक होते. मला या दोघांत दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. लहानपणी मूल वस्तू उघडते ते आत काय आहे हे पाहण्यासाठी. ती त्याची स्वतःची हौस असते. परंतु तेरा-चौदाव्या वर्षी त्या हौसेला एक वळण लागू शकते. आईचे हात दुखतात, तर यंत्राला मोटर जोडू. घरात अंधार आहे, तर वाऱ्याची वीज करू. आपल्या हातच्या कामाने दुसऱ्याची अडचण दूर होते, हे ज्या दिवशी मुलाला कळते, त्या दिवशी ते मोठे होऊ लागते. मिसरूड फुटल्याने किंवा उंची वाढल्याने माणूस मोठा होत नाही. तेव्हा असा नाद हा मोठे होण्याच्या आड येतो असे समजू नका. पुष्कळ मुलांची मोठे होण्याची वाटच तिथून जाते. फक्त त्या वाटेवर त्यांना हाताशी काम लागते, आणि जवळ एक ऐकून घेणारे माणूस लागते.

आता आपण म्हणाल, "बोलायला सोपे आहे, पण घरातला मिक्सर मोडला तर नवा कोण आणणार?" प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर एका अमेरिकन आईने फार चांगले दिले होते. ग्रेस हॉपर ही मुलगी, फार्न्सवर्थप्रमाणेच १९०६ सालची. सात वर्षांची असताना हिला गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहायचे होते. तिने एक उघडले, ते जुळेना, म्हणून दुसरे उघडले, आणि असे करता करता घरातली सात घड्याळे खोलून ठेवली. आईच्या लक्षात आले तेव्हा तिने घड्याळांना हात लावायचा नाही असे सांगितले नाही. तिने ठरवून दिले, की एकच घड्याळ तुझे, त्याचे काय करायचे ते कर. ही मुलगी पुढे गणिताची डॉक्टर झाली, आणि माणसाने लिहिलेल्या आज्ञा संगणकाच्या भाषेत उतरविणारा कार्यक्रम तयार करणाऱ्या पहिल्या काही माणसांत तिचे नाव घेतले जाते.

एकच घड्याळ तुझे! आपल्या घरीही हेच करता येईल. भंगारवाल्याला द्यायच्या आधी बंद पडलेली वस्तू आठ दिवस मुलाच्या ताब्यात द्या. एक खोके, एक पेचकस, एक पक्कड, आणि ओटीवरचा एक कोपरा. याला खर्च फारसा नाही. आणि हे मुलाला जसे, तसे मुलीलाही द्या. मुलीने शिवणयंत्राचा शटल काढून पुन्हा बसवला तर आपण ते घरकामात धरतो, आणि मुलाने पंखा उघडला तर त्याला इंजिनिअर म्हणतो. असा दुजाभाव बरा नव्हे.

मात्र एक गोष्ट आईबापांनी कडक राहून पाळलीच पाहिजे. घरातल्या बटणाची वीज २३० व्होल्टची असते आणि विहिरीवरच्या पंपाची तीन फेजची वीज ४१५ व्होल्टची. तिच्याशी खेळ नाही. टॉर्चचा सेल दीड व्होल्टचा असतो. असे चार सेल जोडले तरी सहा व्होल्ट होतात. एवढ्यावर दिवा, मोटर, घंटी, सगळे शिकता येते. जुन्या, मोठ्या काचेच्या टीव्हीत वीज बंद केल्यावरही जबरदस्त भार साठून राहू शकतो. तो उघडायचा नाही. मोबाईलची फुगलेली बॅटरी टोचायची नाही, कापायची नाही, तापवायची नाही; ती पेट घेते. 'हात लावू नकोस' एवढेच सांगितले तर मूल चोरून हात लावील. का लावायचा नाही हे सांगितले तर ते दुसऱ्यालाही सांगेल.

दुसरी तक्रार मोबाईलची. पोरगा दिवसभर त्या पडद्यात डोके घालून बसतो, मग तो यंत्राचा नाद का म्हणू नये? याची परीक्षा सोपी आहे. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "हे चालते कसे, मला सांग." जे मूल नुसते पाहात होते, त्याला सांगायला फारसे नसते. जे मूल काही करीत होते, खेळ कसा रचतात ते शोधीत होते किंवा पंपाची दुरुस्ती पाहून वहीत आकृती उतरवीत होते, त्याला सांगायला तासभर पुरणार नाही. विहिरीतून पाणी पिणारा आणि विहीर खणणारा, दोघेही विहिरीवरच असतात. पण दोघे एकच काम करीत नसतात. आणि हो, विचारलेत तर मग ऐकूनही घ्या. सगळे समजले नाही तरी चालेल. टोलमन मास्तरांनाही सगळे समजले नसावे.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी दोन शब्द. अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, वर्गात साठ-सत्तर मुले असतात, आणि त्यात ही कामे वाढतच जातात, याची मला कल्पना आहे. म्हणून एवढेच म्हणतो, की प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली आठवड्यातून एक दिवस शाळा सुटल्यावर अर्धा तास बाहेर निघावी. मोडेल म्हणून जपलेले भिंग आणि गंजेल म्हणून जपलेला लोहचुंबक यांचा मुलांना उपयोग काय? ग्रंथालयात विज्ञानाची चित्रमय पुस्तके मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवावीत. विल्यमचे आयुष्य अशाच एका पुस्तकाने पालटले, आणि ते पुस्तक कुलुपात नव्हते. मुलाने काही आकृती काढून आणली, तर तिच्यावर तारीख घालून सही करावी. ती वही त्याच्यासाठी प्रशस्तिपत्रकाहून मोठी ठरेल.

आपल्याकडे हे होत नाही असे नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या गावी डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा मध्येच सुटलेली मुलेसुद्धा तिथे वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीजकाम, शेती ही कामे हातांनी करीत शिकली. काम आधी आणि त्यामागचे शास्त्र कामातून, असा तिथला क्रम. पुस्तकात 'लक्ष नाही' असे ज्यांच्याविषयी म्हटले जाते, त्यांतल्या कित्येकांचे लक्ष हातांत असते, एवढे त्यातून आपल्याला घेता येईल.

शेवटी, ज्या मुलामुलींना हा नाद आहे, त्यांच्याशी थेट बोलतो. मुलांनो, उघडणे सोपे आहे; जुळवणे अवघड. म्हणून वस्तू उघडताना प्रत्येक पायरी वहीत लिहा, स्क्रू क्रमाने ठेवा. एक काम हाती घेतलेत की ते तडीस न्या, मग दुसरे. गणिताचा कंटाळा करू नका. पात्याचा कोन, तारेचे वेढे, गिअरचे दाते हे सगळे शेवटी गणितापाशीच येते. ज्याला ते टाळायचे आहे त्याला कधीतरी तिथेच अडून बसावे लागते. इंग्रजी शब्द अडला तर शब्दकोश उघडा. विल्यमने तेच केले. कोणी वेडा म्हटले तर रागावू नका. वाऱ्याने पाती फिरेपर्यंत त्यांनाही कळायला मार्ग नसतो. आणि नादापायी घरातले काम, धाकट्या बहिणीचा अभ्यास, आजीचे औषध विसरू नका. आपल्या यंत्राचा उपयोग ज्यांना व्हायचा आहे, तीच ही माणसे.

तुम्ही पुढे इंजिनिअर व्हाल, शेती कराल, गावात मोटर-दुरुस्तीचे दुकान घालाल, की शिक्षक होऊन मुलांना शिकवाल, हे आज कोणी सांगू शकत नाही. सांगण्याची घाईही नाही. बंद पडलेली वस्तू पाहून 'गेली' म्हणायचे, की 'पाहू तरी काय झालंय' म्हणायचे, एवढी एक सवय या वयात लागते. दुसरी सवय ज्याला लागली, तो पुढे कुठेही गेला तरी लोकांच्या उपयोगी पडतो.

तेव्हा आईबापांनो, गुरुजनहो, या आठवड्यात एवढेच करून पाहा. आपल्या घरातल्या किंवा वर्गातल्या त्या मुलाला जवळ बोलवा, त्याचा तो डबा समोर आणायला सांगा, आणि त्यातली एकेक वस्तू काय आहे ते त्याला सांगू द्या. मध्ये बोलू नका. अर्धा तास जाईल.